साकवाजवळ लागलेली झोप

आये, तुझा मुलगा हल्ली पळतो. एसटी पकडायला नाही, सुटलेल्या म्हशीमागे नाही, नुसताच पळतो. पंचेचाळिशीत, अर्ध्या चड्डीत. डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून चालायला सांगितलं होतं. चालता चालता एके दिवशी पाय आपसूक भरभर पडायला लागले आणि मला ते इतकं आवडलं की मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. पण गावात काय लपतं? किराणावाला रोज ओरडायचा, "काय रं, कोन लागलाय मागं?" मी मान खाली घालून पुढे जायचो. तू उन्हातान्हात लोकांच्या खाचरात वाकायचीस ते पोटासाठी. मी घाम गाळतो तो कशासाठी, हे तुला कसं सांगू, असं तेव्हाही मनात यायचं.

तू ज्या पडघ्याच्या बाजूला लावणीला जायचीस तिथे आता गोदामं आहेत. त्यातल्याच एकात मी माल चढवायच्या-उतरवायच्या कामावर देखरेख करतो. ड्युटी मोबाइलवर कळते. कधी पहिली शिफ्ट, कधी दुसरी, कधी रात्र, आणि कोणी आलं नाही की लागून डबल. पळायला शिकवणारे सगळे एकच सांगतात, ठरल्या वेळी झोपा, ठरल्या वेळी पळा. माझं ठरलेलं काहीच नाही. दुसऱ्या शिफ्टच्या आधी मी भर उन्हात पळालोय, पहिली सुटल्यावर शाळेतून येणाऱ्या पोरांच्या गर्दीतून पळालोय. गोदामातल्या तरण्या पोरांनी ठाण्याच्या एका मोठ्या शर्यतीत नाव घातलं, त्यांच्या नादाने मीही घातलं. मग दर रविवारी लांब पल्ला पळायचाच, असा हट्ट धरला. तुझाच हट्टीपणा, दुसरं काय.

त्या रविवारी मी रात्रपाळी करून निघालो होतो. त्याआधी दुसरी शिफ्टही मीच केली होती. डबा-पिशवी मोटारसायकलवाल्या सोबत्याकडे दिली, बूट बदलले आणि आतल्या रस्त्याने घराकडे पळत सुटलो. निम्मी वाट छान गेली. आपल्या ओढ्यावरच्या साकवाजवळ बुटाची नाडी सुटली म्हणून खाली बसलो. पाठ जरा कठड्याला टेकली. एवढंच आठवतं.

जाग आली ती तोंडावर पाणी पडल्याने. डोळे उघडायच्या आधी कानावर आवाज आले. कोणी टेम्पोवाला विचारत होता, "मर गया क्या?" आणि आपल्या गावचाच एक आवाज म्हणाला, "मरतो कसला, पिऊन पडलाय. याचा बापूस पन असाच पडायचा." आये, मी लगेच डोळे उघडले नाहीत. वाटलं, असंच पडून राहावं, ही माणसं पांगेपर्यंत. पण कोणीतरी घरी फोन केला होता. बायको माहेरी गेलेली, म्हणून मुलगी आली स्कूटी घेऊन. तू गेल्यावर जन्मलेली नात तुझी, कॉलेजात जाते. गर्दीतून वाट काढत ती आली, माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि काही विचारायच्या आधी तिने माझ्या तोंडाशी नाक आणलं. मग हळूच म्हणाली, "उठा पप्पा, घरी चला."

तू असंच करायचीस. बा भिवंडीत कापडाच्या लूमवर, एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. कधी स्टँडवर, कधी बांधावर पडलेला सापडायचा. मला बरोबर घेऊन तू जायचीस, वाकून वास घ्यायचीस. बहुतेक वेळा तुझा चेहरा आवळला जायचा. पण काही वेळा तू म्हणायचीस, "प्यालेला न्हाय. झोप लागलीय त्याला." हसायचे सगळे. मीही मनात म्हणायचो, आये नवऱ्याची अब्रू झाकते. घरी आणून तू त्याला पेज द्यायचीस, आणि मी ताट उचलून ओट्यावर जाऊन बसायचो. एकदा तू माझ्या हातातलं ताट काढून घेतलंस. "मानूस रस्त्यात पडला का गावाचा होतो," म्हणालीस. "घरात तरी त्याला घरचा राहू दे." तेव्हा मला ते कळलं नाही. बा किती वेळा खरंच प्यालेला होता आणि किती वेळा नुसता झोपेने मोडलेला, हे आता सांगणारं कोणी उरलं नाही.

घरी आल्यावर मुलीने चहा ठेवला. गॅसकडे तोंड करून उभी होती. मग म्हणाली, "मी वास घेतला पप्पा. सॉरी."

"बरं केलंस. खात्री नको का?"

"पण मी तुम्हाला कधी प्यालेलं बघितलंच नाही. फोनवर कोणी तरी सांगितलं आणि मला लगेच खरं वाटलं." तिचा आवाज चिरकला. "आणि गाडीखाली आला असता तर? पाय रस्त्यावर होते तुमचे!"

चहाला साय धरली. मग तिनेच माझा मोबाइल घेतला, ड्युटी बघितली आणि बजावलं, रात्र करून आलात की आधी झोपा. उठल्यावर अंगात जीव असेल तर पळा, नाहीतर राहू द्या. तेव्हापासून मी तिचंच ऐकतो. कितीतरी रविवार नुसते झोपण्यात गेले. शर्यत पळालो, पार शेवटच्या माणसांत. काही अंतर चाललोसुद्धा. मुलगी आली होती ठाण्याला, पण मी पोचलो तेव्हा ती नेमकी पाण्याची बाटली आणायला गेलेली. मग मला म्हणाली, पुन्हा थोडं मागे जाऊन पळत या, फोटो काढते. गेलो, पळत आलो. खूप हसलो आम्ही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तरी आज लिहायला बसलो, कारण एक गोष्ट घरात कुणाला सांगता येत नाही. त्या दिवशी मुलगी यायच्या आधी किराणावाल्याने मला बसतं केलं आणि विचारलं, "किती घेतलीस रं?" सगळे बघत होते. या वयात पळायचा सराव करतोय, पळता पळता झोपलो, हे एवढ्या माणसांत सांगायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "थोडी." लगेच सगळ्यांचं समाधान झालं. अजूनही कोणी तो विषय काढला की तुझी नात तावातावाने भांडते, माझे पप्पा थेंबसुद्धा घेत नाहीत म्हणून. मी बाजूला उभा असतो, आणि गप्प असतो.