बर्फात गेलेली डबी

सेलू, माघ १९३८

प्रिय वीरू, माझ्या हट्टी भावा,

तुझं पत्र काल आलं आणि वाचून झाल्याबरोबर चुलीत घालावंसं वाटलं. घातलं नाही, कारण त्यात बर्फाबद्दल चार ओळी लय चांगल्या आहेत. बाकी सगळा येडपटपणा. स्कीवरून पडलास, कोटाच्या खिशातली इष्टलिंगाची चांदीची डबी बर्फात गेली, आणि आता ती सापडेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही म्हणून नुसत्या दुधावर बसलास! काश्मीरचा हिवाळा आणि तू दुधावर. बर्फ वितळायला अजून चैत्र उजाडावा लागेल. तोवर डबी सापडेल, पण तू सापडशील का?

डबी खिशात का ठेवलीस, ते मी ओळखलं. चांदी छातीला गार लागत असणार. गळ्यातलं लिंग काढून खिशात ठेवायचं आपल्याकडे कुणाच्या मनातही आलं नसतं, पण आपल्याकडे चांदी चटका देईल अशी थंडी तरी कुठं पडते? त्यात तुझा काय गुन्हा? अप्पांना मात्र हे कोण सांगणार! तू त्यांनाही वेगळं पत्र टाकलंस. त्यांनी ते दुकानात वाचलं आणि गिऱ्हाइकांसमोर हुकूम सोडला की लिंग घालवलेल्या पोराचं ताट या घरात मांडायचं न्हाई. मग आत आले आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. मी समोरच होते. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू!

साहेबासाठी स्कीच्या नव्या जागा शोधायचं तुझं काम मला मनापासून आवडतं, हे आधी सांगून टाकते. गावात कुणी विचारलं की मी ताठ मानेनं सांगते, आमचा वीरू बर्फात वाटा काढतो. लोक हसतात. हसू देत. तू लिहिलंस की लोकांनी तुडवून गुळगुळीत केलेल्या उतारावरून कुणीही घसरेल, खरी मजा कोऱ्या बर्फात. तिथं उतार सावलीकडचा बघायचा, म्हणजे बर्फ भुसभुशीत राहतो. झाडं विरळ हवीत. वर बर्फाची कड लोंबत असेल तर पाऊल टाकायचं नाही. आणि आधी काठी खुपसून बघायची. हे सगळं तू गुलमर्गला शिकलास होय रे? चारठाण्याला शिकलास, आजोळी, देवळांमागच्या टेकडीवर!

आठव. संक्रांतीच्या सुमाराला गवत वाळून पिवळं पडायचं आणि मोडक्या गाडीची फळी घेऊन आपण वर चढायचो. फळीला आजीच्या घरातलं करडईचं तेल फासायचं. बाकीची पोरं गुरांच्या वाटेवरून घसरायची, ती वाट तुला बिलकूल चालायची नाही. तू पालथा पडून गवताला गाल लावायचास आणि मग फैसला द्यायचास, आक्का, इथं न्हाई, पलीकडं. सावलीकडचं गवत दहिवरानं ओलं राहतं, फळी अडते, म्हणून उन्हाकडची बाजू धरायची. तिथं बर्फात सावली, इथं गवतात ऊन, एवढाच काय तो फरक. पायात कुसळं, परकराच्या चिंध्या, आणि तरी पुन्हा वर.

आणि तो दिवस आठव, माझा लिंगाचा दोरा, शिवदोरा, तुटला तो. खाली येऊन बघते तर गळा रिकामा. तू रडलास माझ्यापेक्षा जास्त. अंधार पडेपर्यंत आपण गवत विंचरलं. दुसऱ्या दिवशी आईनं लिंग माझ्या गळ्यात बांधलं आणि तुला सांगितलं, गवतात सापडलं बरं का. तेच तू धरून बसलास. पत्रात लिहितोस, आईनं गवतात शोधलं, मी बर्फात शोधीन. तिथंच तू चुकतोयस, वीरू.

ते सापडलंच नव्हतं. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी हळद वाटता वाटता आईनं मला सांगितलं. ती टेकडीवर गेलीच नव्हती. मठात गेली होती, महाराजांकडून दुसरं घेऊन आली. अप्पांना तिनं मरेपर्यंत कळू दिलं नाही, कारण ते काय म्हणतील ते तिला ठाऊक होतं. आज सकाळी मी अप्पांना ते सांगितलं. तेही दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. म्हटलं, माझ्या गळ्यातलं लिंग दुसरं हाय, आणि आई गेल्यापासून तुमी माझ्याच हातचं जेवताय. आता काय ते बोला! गिऱ्हाइकं खाली बघायला लागली. दुपारी अप्पा जेवायला आले, मी वाढलं आणि जेवले. उठताना आपलं घोंगडं माझ्याजवळ ठेवलं आणि म्हणाले, तिकडं थंडी लय हाय म्हणं.

कारण मी निघालेय. महाराजांना भेटून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं हेच विचारलं, पोरगं जेवायलाय का? पूजा करून नवं लिंग त्यांनी माझ्या ओंजळीत दिलं आणि भावाच्या गळ्यात तूच घाल म्हणाले. यांनीही इथल्या शाळेतून रजा काढली आहे, सोबत येतायत. हे पत्र आमच्या आधी पोचेल, आणि एवढ्यासाठीच ते लिहिलं. मी आल्यावर तुझा तो कोरा उतार मला दाखवायचा आणि स्कीची एक जोडी माझ्यासाठी काढून ठेवायची. बाई माणूस कशी घसरणार, असं म्हणालास तर बघच. पण त्याआधी एक ऐक. त्या संध्याकाळी आपण टेकडीवरून परत आलो, तेव्हा माझा गळा रिकामाच होता. आईनं मला चुलीपाशी बसवलं, भाकरीवर लोणी घातलं आणि माझ्या तोंडात घास कोंबला. मठात ती दुसऱ्या दिवशी गेली. लिंग मी घेऊन येतेय. तू आधी जेव, मेल्या.

घोंगडं घेऊन येणारी, तुझीच,
सुमंगला आक्का