निळ्या कापडातला अर्ज

४ जून

ती. बाबांस,
खारूचा शि. सा. न. वि. वि.

आत्याकडे सगळं ठीक आहे. जनावरांच्या दवाखान्यातलं माझं कामही जोरात चाललंय. काल एक मांजर डॉक्टरांना चावलं आणि ओरडा मात्र मी खाल्ला. पशुवैद्य व्हायचं तर हेही शिकावं लागेल, असं आत्याचं म्हणणं.

तुम्ही घरून पाठवलेले अर्ज पोचले का, हे विचारायला तिन्ही कॉलेजांत फोन केले. पहिल्या दोघांकडे सगळे कागद आहेत. तिसरं म्हणतं, तुमच्या नावाचं काहीच आलेलं नाही. आणि मला जायचंय ते तिथेच! जनावरांचं मोठं रुग्णालय कॉलेजच्या आवारातच आहे, वसतिगृहही आहे. शिवाय शाळेचा मूळ दाखला त्यांच्याचकडे पाठवलाय. येत्या शुक्रवारपर्यंत कागद सापडले नाहीत तर अर्ज बाद. तुम्ही नक्की काय, कसं पाठवलंत ते उलट टपाली कळवा. मी घाबरलेली नाही, फक्त जेवण जात नाहीये.

आईला सांगू नका. सांगालच म्हणा. लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
खारू

---

७ जून

चि. खारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी पोटभर जेव. पोचपावती माझ्यासमोर आहे आणि तिच्यावर त्यांच्या माणसाची सही आहे. कागद तिथे आहेत म्हणजे आहेत. शोधायचे कष्ट नकोत म्हणून लोक नाही म्हणून मोकळे होतात. तू स्वतः जाऊन उभी राहा.

ओळखायला सोपं जावं म्हणून सांगतो. पहिल्या दोघांचे कागद तुझ्या सांगण्याप्रमाणे टाचणी लावून धाडले. तिसऱ्याच्या वेळी मात्र हात थांबेना. सगळ्या गावाची पुस्तकं मी बांधायची आणि माझ्याच मुलीचे कागद सुटे, पाचोळ्यासारखे जायचे? कडेने शिवले, वर निळ्या कापडाचा पुठ्ठा चढवला आणि त्यावर सोनेरी अक्षरांत तुझं पूर्ण नाव. दाभणाची भोकं समासात आहेत, अक्षराला धक्का नाही. इतक्या अर्जांत असा दुसरा नसणार, पैज लाव.

सांगितलंय तेवढंच करा, असं तुझी आई म्हणाली होती. ती नेहमीच म्हणते. आत्याला नमस्कार. आमची माया तुझ्या पाठीशी आहेच.

तुझा,
बाबा

---

१० जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सापडले! पैज तुम्ही जिंकलात, असा दुसरा अर्ज खरंच नव्हता. इतका नव्हता, की कचेरीत तो कोणाला अर्ज वाटलाच नाही. कापडी बांधणी आणि सोनेरी अक्षरं बघून शिपायाने तो सरळ ग्रंथालयात नेऊन दिला. ग्रंथपालांनी पाठीवर क्रमांक चिकटवून तो नव्या पुस्तकांच्या कपाटात ठेवला. तुमचं पत्र आलं नसतं तर मी कचेरीतच डोकं आपटत बसले असते. अर्ज पुस्तकासारखा बांधलाय हे कळलं म्हणून ग्रंथालयात डोकावले, कपाटाच्या काचेतून निळं कापड दिसलं आणि मी इतक्या मोठ्याने ओरडले, की वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

पण पुढे पंचाईत झाली. अर्ज तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, आमच्या स्कॅनिंगच्या यंत्राला सुटेच कागद लागतात. बोलता बोलता त्यांनी कडा कापायला कटर पुढे ओढला. कापलं असतं तर दाखल्यावरचा अर्धा शिक्का गेला असता. मी अर्ज छातीशीच धरला. त्यांना म्हटलं, मी बाइंडरची मुलगी आहे, मला एक ब्लेड द्या आणि जरा बसू द्या. लहानपणी तुमच्या टेबलाखाली बसून बघितलं होतं तसं गाठ शोधली, ती कापली आणि दोरा हळूहळू ओढून काढला. एक कागद फाटला नाही. बाईंनी गुणपत्रिका, दाखला, सरांचं शिफारसपत्र, सगळं लावून बघितलं. सर्व कागद मिळाले, असं सही-शिक्क्यासह लिहून घेतल्याशिवाय मी उठले नाही. हा हट्टीपणा तुमच्यावर गेलाय, असं आत्या म्हणते. पुढच्या आठवड्यात मुलाखतीला बोलावलंय.

बाबा, दोरा ओढताना फार वाईट वाटलं. एवढ्या मायेने घातलेले टाके मीच उसवले. कळवू नये असंही मनात आलं, पण तुम्ही विचारणारच. रागावू नका.

तुमची,
खारू

---

१४ जून

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तोंड पाडून बसलो होतो, खोटं कशाला सांगू. तुझी आई नुसती हसत होती. ते जास्त झोंबलं.

मग तुझ्या ब्लेडचं पुन्हा वाचलं. वेडे, वाईट कसलं वाटून घेतेस? चिकटवायला मला काय खळ कमी होती? चिकटवलेलं सोडवायला गेलं की फाटतं. शिवलेलं उसवता येतं, म्हणून तर मी शिवतो. तू गाठ शोधून सोडवलंस, एक कागद फाटू दिला नाहीस, याहून मला आणखी काय हवं? मुलाखतीत विचारलं तर सांग, टाके घालायला आणि काढायला घरूनच शिकून आलेय. जनावरांच्या डॉक्टरला ते लागतंच.

एक काम कर. तो रिकामा पुठ्ठा टाकू नकोस, ग्रंथालयाच्या क्रमांकासकट घेऊन ये. तुझं नाव त्यावर आहेच, पुन्हा घालायला नको. पदवीचा कागदही म्हणे सुटाच देतात. तेव्हा मात्र मी कुणाला विचारणार नाही.

तुझा,
बाबा