रोजच्या अकराशे मुठी

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इस्पितळाच्या समितीने आपला यांत्रिक हात मंजूर केला. 'आपला' म्हणतो, कारण पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कटरने तुझा उजवा पंजा नेला नसता, तर मी आयुष्यभर कॉलेजात पंप शिकवत बसलो असतो. नऊ वर्षांत चार हात फसले, पाचवा वर्षभर तुझ्यापाशी आहे. त्यातलं मोजणीयंत्र सांगतं, तू दिवसाला अकराशे वेळा मूठ उघडतेस, मिटतेस. चाचणीतल्या बाकी दोघांनी महिन्यात हात परत केले. ते आळशी, असं मी अहवालात सभ्य भाषेत लिहिलं.

एक जुलैपासून चाळीस जणांना हा हात बसेल. तुझ्यासारखंच त्यांचंही मनगटाचं हाड दोन बोटांएवढं कापावं लागेल. मग पंजाच्या जागी लावायचा जुना लोखंडी हूक पुन्हा बसायचा नाही, पण त्याची गरजच काय? अहवालासाठी लिही, अकराशे वेळा काय काय उचलतेस. आळस करू नकोस, मला पाढे पाठ करून घेणारी तूच.

लोभ आहेच, तो वाढत राहो.
तुझा भाऊ

९ जून

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

मी काही उचलत नाही रे. पेला धरला की क्षणभराने सुटतो. पट्टा काचतो. सगळं डाव्या हाताने करते. पहिल्या महिन्यात दिवसाचा आकडा नऊ आला, तेव्हा फोनवर तुझा आवाज पडला होता. तेव्हापासून दुपारी खिडकीशी बसून नुसती मूठ उघडते, मिटते. तुझे भावोजी म्हणतात, हवा एवढी घुसळलीस, आता लोणी यायला हवं.

वाटलं, तोवर तू हात सुधारशील. माझ्या आकड्यावर दुसऱ्यांची हाडं कापतील, हे कुठे ठाऊक होतं? त्यांना थांबव. माझ्यावर रागाव, पण जेवत जा.
तुझी ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र समितीपुढे शब्दन् शब्द वाचलं. अध्यक्ष म्हणाले, आकडा यंत्राचा आहे, पत्र बहिणीचं. तीस वर्षं मीच त्यांना हे शिकवलं. ज्या दोघांना हात सोसला नाही त्यांना आळशी ठरवलं, आणि तुला वर्षभरात एकदाही विचारलं नाही, की ताई, पेला धरता येतो का? राजीनामा दिला. तो एका ओळीत मंजूर झाला, आणि काम माझ्याच विद्यार्थ्याकडे गेलं.

काल सकाळपासून शस्त्रक्रिया विभागाच्या दाराशी उभा होतो. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, की हा हात मी केलाय आणि माझ्या बहिणीच्या मनगटावर तो काहीही धरत नाही. एका सुताराने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, की तुमच्या बहिणीला भाऊ दुसरा हात करून देईल, मला मात्र हा एकच मिळणार आहे. माझ्या खांद्यावर थोपटून तो आत गेला. त्याच्यामागे बाकीचेही गेले.

लोभ कमी केलास तरी चालेल, यापुढे मला खरं लिहीत जा.
भाऊ