पंधरा वर्षांपूर्वीच्या तबकाबाबत खुलासा

दिनांक: सोमवार, १४ जुलै

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
आंतरराष्ट्रीय डिप्लोमा विभाग,
बाहिया सिक्स्थ फॉर्म कॉलेज, माल्टा.

विषय: कु. यानिका झेरफा हिचा डिप्लोमाचा रद्द झालेला प्रवेश पूर्ववत करण्याबाबत.

संदर्भ: १) आपले दि. ९ जुलैचे पत्र. २) प्रवेश नियम क्र. ७.

महोदय,

१. मी यानिकाची आई. तिने आपल्या डिप्लोमासाठी सहा विषय निवडले होते: माल्टी साहित्य, इटालियन, इतिहास, जीवशास्त्र, गणित आणि नाट्य. अर्जावर सही माझी होती. ८ जुलैला माझे पती श्री. एमान्वेल यांनी आपल्या कार्यालयात येऊन तो मागे घेतला. आता तिने दुसरीकडे मुख्यतः जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र घ्यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. "पोरगी डॉक्टर होणार हे ठरलंय, तिला नाटकं कशाला?" हे त्यांचे उद्गार आपल्या लिपिकांनी ऐकले असतीलच. ते हळू बोलत नाहीत.

२. आपण या बेटावर नवे आहात असे कळते, म्हणून सांगते. "ठरलंय" म्हणजे उच्चियाच्या विधीत ठरले. पहिल्या वाढदिवसाला आम्ही बाळापुढे तबक ठेवतो. त्यात पेन, जपमाळ, पळी, अंडे, पुस्तक असे काहीबाही असते. बाळ जे उचलेल तो त्याचा पुढचा धंदा. यानिकाच्या तबकात माझ्या सासूबाईंनी गावच्या डॉक्टरांकडून मागून आणलेला स्टेथोस्कोप होता. तो तिने उचलला, असे आमच्या झेय्तून गावात सर्वांना ठाऊक आहे. पाववाला आजही तिला "काय डॉक्टरीणबाई, किती फ्तिरा देऊ?" असे विचारतो.

३. रविवारी, ६ जुलैला, जेवणानंतर सासूबाईंनी शंका नको म्हणून तेच तबक पुन्हा मांडले आणि सोळा वर्षांच्या मुलीला डोळे मिटून हात घालायला सांगितले. माझ्या नणंदेने मोबाइलवर चित्रण केले. यानिकाने हात मांडीवरून हलवला नाही. मला वाटले, भांडेल. ती उठून ताटे विसळू लागली आणि मला हळूच म्हणाली, "जाऊ दे गं, मा. तेव्हा मला कुणी शिकवलं नव्हतं ना? मग हाताला कळलं तेच खरं असेल." महोदय, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

४. नियम ७ नुसार, चुकीच्या माहितीवरून झालेला बदल पुरावा दिल्यास रद्द होतो. माहिती चुकीची आहे. ती चूक मी केली.

५. त्या दिवशी सासूबाई मिठाई आणायला आत गेल्या होत्या आणि पाहुणे अंगणात होते. यानिकाने स्टेथोस्कोपकडे पाहिलेही नाही. तिने दोन्ही हातांनी तबकाची कड धरली आणि सगळेच्या सगळे स्वतःकडे ओढले. अंडे फुटले. महिन्यापूर्वी नणंदेच्या मुलाने ऐटीत पेन उचलले होते, आणि माझ्या मुलीने नुसता पसारा केला म्हणून हसतील, याची मला लाज वाटली. मी तबक सरळ केले, तिच्या मुठीत स्टेथोस्कोप कोंबला आणि हाक मारली, "बघा, बघा, काय घेतलं!" सगळे धावत आले. ती रडत होती. आनंदाने रडते आहे, असे मीच सांगितले.

६. सगळे धावत आले तेव्हाच काढलेले, दिवाणखान्यात टांगलेले छायाचित्र सोबत जोडले आहे. चौकटीबाहेर काढल्यावर कोपऱ्यात माझा हात तिची मूठ आवळून धरलेला स्पष्ट दिसतो. पंधरा वर्षे तो चौकटीच्या पट्टीखाली झाकलेला होता.

७. यानिकाचा प्रवेश पूर्ववत करावा, ही विनंती. अर्जाची मुदत शुक्रवारी दुपारी संपते, परंतु उत्तर आजच मिळाल्यास उपकार होतील. दिवाणखान्याच्या भिंतीवर चौकटीच्या जागी पांढरा चौकोन उरला आहे. पती पाच वाजता बंदरावरून येतात. त्यांना मी सांगणारच आहे. यानिकाला त्याआधी सांगेन.

आपली विश्वासू म्हणवण्याचा हक्क नसलेली,
मार्थीज झेरफा

सोबत:
१) नियम ७ ची प्रत.
२) छायाचित्र, एक. मूळ प्रत. काम झाल्यावर यानिकाच्या हाती द्यावे, माझ्या नव्हे.