पॉलिशला दिलेलं

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुकान उघडलंच नाही. शेठचा फोन बंद, सीवूड्सच्या फ्लॅटला कुलूप. दुपारी पोलिसांनी शटर तोडलं — तिजोरीत दागिन्यांचे मखमली ट्रे, सगळे रिकामे. चौदा वर्षं त्या काउंटरला उभी होते. बाहेर जमलेल्या बायका मलाच विचारत होत्या, शेठ कुठे गेले? मी काय सांगू! पाय भरून आलेत.

१८ नोव्हेंबर

तळवलीहून पुतळाकाकीचा फोन. शनिवारी तिच्या नातीची, मनस्वीची हळद. घरातलं सगळं सोनं तिने पॉलिशसाठी माझ्या हाती दिलं होतं, लाल फडक्यात गाठ मारून. पाटल्या, हार, वज्रटीक. मी पावती करायला घेतली तर म्हणाली, "आपली पोरगी हाय तिथं, कागूद कशाला?" मीही पुस्तक मिटलं. माहेरच्या माणसाला पावती द्यायची म्हणजे परकं केल्यासारखं वाटतं. आता पोलीस म्हणतात, पावती नाही तर तक्रारीत लिहू काय?

काकी ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "तुज्या बी पाटल्या व्हत्या ना गो त्या तिजोरीत?"

मी हो म्हटलं.

"मंग तुला काय बोलू? आपन दोघी बी बुडालो."

१९ नोव्हेंबर

भाजी करपली. कुंदन म्हणतो, टेन्शन घेऊ नकोस, तू काय चोर आहेस का? नवरा म्हणून चांगलाच आहे. पण आज त्याचा राग आला.

२० नोव्हेंबर

काकीने डबा पाठवला. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण. बरोबर निरोप — पोरीचं एवढं गेलंय, ती काय रांधनार. मी डब्याला हात लावला नाही. कुंदनने सगळं खाल्लं, वर बोटं चाटली.

मनस्वी बेन्टेक्सचे खोटे दागिने घालून हळदीला बसणार म्हणे. तळवलीतल्या बायका आधी नवरीचे हात बघतात, मग तोंड. काकीने या दिवसासाठी तीस वर्षं सोन्याचा एकेक डाग जोडला होता.

२१ नोव्हेंबर

चार दिवस इथेही खोटंच लिहिलं. आता खरं लिहिते.

गेल्या शनिवारी दुकान बंद करताना शेठ म्हणाले, "नमिता, तुझ्या पाटल्या घरी घेऊन जा." एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही. मी काय ते समजले. घरी भीती नको म्हणून तिजोरीत ठेवलेल्या माझ्या पाटल्या काढल्या. लाल फडकं त्याच खणात होतं. हात नेलासुद्धा. पण पावती नाही, शेठ शेजारी उभे, त्यांनी विचारलं तर काय सांगू — हात मागे घेतला. मग रविवारचा अख्खा दिवस होता, काकीला एक फोन करायला. तोही केला नाही. भीती वाटली, आणि माझं वाचलं याचं बरंही वाटलं. लाज वाटते लिहायला.

पाटल्या पिठाच्या डब्यात आहेत. कुंदनला माहीत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मनस्वीच्या हातात माझ्या पाटल्या घातल्या. तिला जरा सैल झाल्या. काकी म्हणाली, "ह्या कुटून आल्या?" तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. तिने पाटल्या परत केल्या नाहीत. मांडवात पंगत बसली होती. काकी मला दारापर्यंत सोडायला आली. जेवून जा म्हणाली नाही.