रजनीच्या होस्टेलचं दार

३ फेब्रु., सोम.
आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला सरांनी नवीन काढलं. शुक्रवारच्या रिव्ह्यूत आधी आम्हीच एकमेकांच्या डिझाइनवर बोलायचं, सगळ्यांसमोर. घरच्यांनाही बोलावलंय. माझ्या वाट्याला रजनी. पहिल्या वर्षापासून एकाच टेबलावर आम्ही. सर म्हणे, "गोड बोलू नका."

४ फेब्रु.
रजनीचं मॉडेल पाहिलं. नागपुरात लकडगंजला मुलींचं होस्टेल, कुही-मौद्याकडच्या गावांतून शिकायला येणाऱ्यांसाठी. काम सुरेख. मधला चौक, सावली, सगळं जमलंय. पण दार एकच, दाराशी वॉर्डनची खोली, गॅलऱ्यांना जाळ्या. रस्त्याकडे एक खिडकी नाही.
म्हटलं, "जेल आहे वं हे."
हसली नाही. मॉडेलवर ओढणी टाकली.
घरी येताना आईचा फोन, कुठवर आली. पुन्हा फोन.

५ फेब्रु., बुध.
रजनीने कँटीनमागे ओढत नेलं. शुक्रवारी तिचे बाबा कुहीहून येणार. रजनी इथे मावशीकडे राहते, तिथे दुसरीला जागा नाही. धाकट्या मनूला अकरावीला नागपूरला यायचंय, म्हणजे होस्टेलच. बाबा तयार नाहीत.
"होस्टेल म्हटलं का त्याइच्या डोळ्यापुढे काय काय येते. म्हून दाखवाचं हाय. तू फक्त सुरक्षित हाय म्हन."
"आणि सर?"
"हे सरांसाठी नाही केलं मी. बाबांसाठी केलं."
खरं बोलू तर मनू अडकते. खोटं बोलू तर...


७ फेब्रु., शुक्र.
उभी राहिले. "होस्टेल सुरक्षित आहे," म्हटलं. रजनीचे खांदे सैल पडले. बसणार, तेवढ्यात सर: "तू राहशील इथे?"
रजनीचे बाबा शेवटच्या बाकावर, टोपी मांडीवर. माझ्याकडेच पाहत होते.
तोंडून निघालं, "नाही सर. दाराशीच आग लागली तर पोरी निघतील कुठून? मागून दुसरं दार पाहिजे."
सरांनी मान डोलावली. बाबा उठले. "पोरी, दुसरं दार केलं तं त्याची चाबी कोनापाशी राहीन?"

"पोरींपाशीच, काका," मी म्हटलं.
खाली बसले ते. रजनी मॉडेलकडे पाहत राहिली. नंतर दोघं बाबांच्या बससाठी निघून गेली, माझ्याकडे न पाहता.

९ फेब्रु.
रजनी फोन उचलत नाही. चुकले नव्हते मी. आग लागू शकते. तरी.
गेले असते तिच्या मावशीकडे. आई म्हणते, एकटी नको, दादा आला की जा. दादा आलाच नाही.

१० फेब्रु., सोम.
रजनी दुसऱ्या टेबलावर बसली. जवळ गेले तर एवढंच: "बाबा काही बोलूनच नाही राहिले. ना हो, ना नाही."
मॉडेलच्या मागच्या भिंतीवर पेन्सिलीने दार आखलंय. कापलं नाही अजून.
संध्याकाळी अनोळखी नंबर. बारीक आवाज. "ताई, मी मनू. रजनीताईची बहीण. बाबा तुमचंच विचारून राहिले. फोन देऊ का त्याइले?"
मी हो म्हणेन, तोवर पलीकडे खाकरणं.
"पोरी, एक इचारतो, राग नको मानू. तुले घरचे एकटी जाऊ देतात का?"
तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई ऐकत होती.