मी घरातच आहे म्हणे

सोमवार, ३ तारीख

या घराच्या दाराला कडी नाही. कडी नाही, कोयंडा नाही, धरायला मूठसुद्धा नाही. नुसती गुळगुळीत फळी. समोर उभं राहून बोलायचं, मग ते उघडतं. जन्मभर माणसांनी माझं ऐकलं नाही, आता दार ऐकणार!

तक्रार झाली, आता बाकीचं. आज मी मुलाच्या नव्या घरी राहायला आले, आणि खोटं कशाला बोलू, घर झकास आहे. जिन्यावरून पडले तेव्हापासून माझा डावा पाय ओढतो, म्हणून त्याने बोलावून घेतलं. ही वही नर्सबाईंची. गोळ्या कधी घेतल्या, दिवस कसा गेला, रोज लिहा म्हणाल्या, दर बुधवारी येऊन बघणार आहेत. माझी शाळा चौथीत संपली, पण तोंड चालतं तसा हातही चालतो.

घर दाखवायला सजावटवाली बाई स्वतः आली होती. भिंतींचा रंग अळंबीचा, म्हणाली. मी म्हटलं, सरळ मळका म्हणा. सगळे कोपरे गोल, आपटलं तरी डोकं फुटायचं नाही. न्हाणीघरात भिंतीवर पितळी फांदी आहे. मला वाटलं शोभेची, तर ती धरून उठायचं. जमिनीलगत बारीक दिवे आहेत, पाऊल पडेल तिथला लागतो आणि पाऊल पुढे गेलं की विझतो. आजी, हल्ली हीच पद्धत, ती म्हणाली, सुरक्षा असावी पण दिसू नये. मी विचारलं, हे तुम्ही सासूबद्दल बोलताय का? सूनबाई इतकी हसली की कपातला चहा बशीत आला. नात त्याहून जास्त हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी. सात वर्षांची आहे. एका जागी टिकत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो.

गोळ्या दोन्ही वेळा घेतल्या.

मंगळवार, ४ तारीख

आज दाराची शिकवणी. आतल्या बाजूला भिंतीवर एक लाकडी पाटी आहे, तिच्यावर चार पानं कोरलेली, घरातल्या प्रत्येकाचं एक. जो आत असेल त्याचं पान उजळतं. आग लागली तर आत कोण अडकलंय ते कळायला हवं ना, म्हणे. हे मात्र मला पटलं.

सजावटवालीने माझा आवाज भरून घेतला. बाहेरून येताना ‘आले’ म्हणायचं, निघताना ‘जाते’, म्हणजे पान विझतं. मी म्हटलं, ‘आले’ म्हणेन. भरल्या घरातून निघताना ‘जाते’ म्हणणाऱ्यातली मी नाही. आमच्यात ‘येते’ म्हणतात. ती म्हणाली, यंत्राला एवढं कळत नाही हो आजी. मग त्याला शाळेत घाला, म्हटलं, या वयात मला कशाला घालताय? मुलगा मध्ये पडला. आतून ओळखीचा आवाज आला की दार उघडतंच, आईला म्हणू दे काय म्हणायचं ते, म्हणाला. विषय संपला.

गुरुवार, ६ तारीख

सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालून आले. ‘येते’ म्हणून गेले, ‘आले’ म्हणून आले, दाराने कुरकुर केली नाही. गल्लीतली बाकीची घरं अजून रिकामी, काचांवर कागद चिकटवलेले.

जेवताना मुलगा हसत होता. घराच्या मते तू बाहेर पडतच नाहीस, म्हणाला. तो फोनवर बघतो. माझं पान तीन दिवसांत एकदाही विझलेलं नाही. मी म्हटलं बरंच आहे, मी फिरायला गेले तरी राखण चालू.

शुक्रवार, ७ तारीख

दुपारी एकटीच होते. खुर्चीत, पाय स्टुलावर. समोरच्या बोळातले दिवे लागायला लागले. माझ्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत, एकेक करून. आधी एक लांब ढांग, मग एक आखूड. लांब, आखूड.

सजावटवालीला फोन केला. धुळीने होतं, म्हणाली. बाई, धूळ लंगडत नाही, म्हटलं.

सोमवार, १० तारीख

भिंगरीला आणायला शाळेच्या बसपाशी गेले होते. बस आधीच येऊन गेलेली. धावत, म्हणजे माझ्या पायाने जेवढं धावता येईल तेवढं, परत आले. पोर आत बसून चित्र काढत होती. दार कोणी उघडलं विचारलं. आजीने, म्हणाली. कुठली आजी? तर तोंडाकडे बघत राहिली. तूच की. मी हाक मारली, तू ओ दिलीस, माझी वेणी घातलीस.

चारपेडी वेणी होती. या घरात चारपेडी मला एकटीला येते.

मंगळवार, ११ तारीख

मुलाला सांगितलं. त्याने सूनबाईकडे बघितलं, तिने गोळ्यांच्या डबीकडे. मला समजायचं ते समजलं.

आज मनावर दगड ठेवून ‘जाते’ म्हटलं. पायरीवर उभी राहून उघड्या दारातून पाटीकडे बघितलं. पान विझलं नाही. आणखी एकदा म्हटलं. मोठ्याने. पान आणखी उजळलं.

आत बोळात दिवे चालत होते — मी बाहेर.

बुधवार, १२ तारीख, साडेदहा

भिंगरीला ताप, शाळा नाही. दोघं कामावर. तिला एकटी सोडायची नाही म्हणून सकाळपासून उंबऱ्याबाहेर पाय टाकला नव्हता. नर्सबाई फाटकाशी आल्या, घाईत होत्या, वही तिथेच दाखवा म्हणाल्या. दहा पावलं. दार उघडंच ठेवलं होतं. त्या गेल्या, मी वळले, दार बंद.

‘आले’ म्हटलं. दार म्हणालं, आजी घरात आहेत, आपण कोण?

तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा घर मिटलं. अनोळखी माणूस तीनदा आला की मिटतं, तसंच केलंय. खिडक्यांच्या काचा दुधाळ झाल्या. माझा फोन आत.

पावणेअकरा

दगड मारला. ओरखडा नाही. सुरक्षेची काच.

बाहेरचा आवाज आत जात नाही, दाराशेजारच्या जाळीत बोललेलं फक्त घराला ऐकू जातं. आतलं मात्र त्याच जाळीतून मला ऐकू येतं. भिंगरी उठली आहे. दुधाळ काचेतून तिच्या पायाखालचे दिवे दिसतात, बारीक, भरभर. तिने हाक मारली, आजी —

आतून ओ आली. माझ्या आवाजात.

नंतर

दुसरे दिवे. लांब, आखूड. पोरीच्या खोलीकडे निघालेत. पोर थांबली आहे. आता ते तिला हाक मारतंय. भिंगरी. पुन्हा भिंगरी. तिने अजून ओ दिलेली नाही — ताप आहे, अर्धवट झोपेत आहे, देवा गप्प राहू दे तिला —

दर हाकेला एक पाऊल. असल्या हाकेला ओ देऊ नये म्हणतात, ओ मिळाली की ते पोचतं.

हे पान फाडून दाराखालून सरकवते. मोठ्या अक्षरात लिहिते, तिला मोठं वाचता येतं.

भिंगरे. ती मी नाही. तुला हाक मारेल. तू तोंड उघडायचं नाहीस. एक अक्षर नाही. जाळीशी तोंड लावून मी बसले आहे. तुझ्या नावाला ओ मी देणार, म्हणजे ते माझ्याकडे वळेल. तू नाही. फक्त मी दे—